‘एकूण’ची ओळ पुढच्या पानावर जाऊ नये म्हणून

कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं टाइपसेटिंगचं छोटं दुकान आहे. उन्हाळा सरला की सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल सुरू होतात, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. बाकीचं वर्ष विद्यापीठातल्या मुलामुलींचे प्रबंध. मजकूर कुणीही टाइप करून आणतं, काम अडतं ते तक्त्यांपाशी. तक्ता अर्धा या पानावर, अर्धा त्या पानावर. मथळा एकीकडे, रकाने दुसरीकडे. नाहीतर मध्येच अर्धं पान कोरं.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचा अहवाल माझ्याकडे होता. त्यात नफा-तोट्याचा ४१ ओळींचा तक्ता होता आणि शेवटी ‘एकूण’. तो एका पानात बरोबर बसत होता. नव्या पानावर सुरू व्हावा म्हणून मी वर चार एंटर मारून तो खाली ढकलला होता. छपाईच्या आदल्या रात्री सचिवांचा फोन आला, “मॅडम, श्रद्धांजलीत दोन नावं राहिलीत, तेवढी घाला.” मी घातली, श्रद्धांजलीचं पान तपासलं आणि फाइल प्रेसला पाठवली. त्या दोन ओळींमुळे माझे एंटर पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसले, तक्ता तेवढाच खाली सरकला आणि ‘एकूण’ची ओळ पान उलटून मागे गेली. अडीच हजार प्रती छापून झाल्या. सभेत एक वयस्कर सभासद अहवाल हातात धरून उभे राहिले, “बेरीज कुठं हाय?” बेरीज पान उलटल्यावर होती, पण तिथं ना मथळा होता ना रकान्यांची नावं. नुसते दोन आकडे. भर सभेत सचिवांना त्याचा खुलासा करावा लागला. चूक माझी होती. तेव्हापासून मी तक्ता हाताने ढकलणं पूर्ण बंद केलं. आता कोणती ओळ कुणाला धरून राहणार एवढंच मी ठरवते, पान कुठं तुटायचं ते संगणक त्यावरून ठरवतो. ते कसं करायचं ते इथं लिहिते. माझ्याकडे वर्ड आणि लाटेक (यात मजकुरात आज्ञा लिहून पान जुळवतात) या दोनच प्रकारच्या फाइली येतात, म्हणून त्या दोन्हींबद्दलच.

सुरुवात कागदावर करा. कच्ची प्रिंट काढून पेन्सिलीने प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर एक अक्षर लिहा. ‘अ’ म्हणजे अखंड, हा तुटता कामा नये. ‘तु’ म्हणजे तुटला तरी चालेल. ‘स’ म्हणजे अखंड राहून मजकुरापासून थोडा सरकला तरी चालेल. हे मशीनला कळत नाही, ते वाचणाऱ्याच्या बाजूने तुम्हालाच ठरवावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आहेत. बारा ओळींचा तालुकावार तक्ता कधीही तुटू देऊ नये, कारण माणूस करवीरचा आकडा शिरोळशी ताडून बघणार, पान उलटून नाही. उलट सभासदांची किंवा गावांची सहा पानी यादी तुटणारच. तिथं तिला तोडायचं कसं एवढाच प्रश्न.

वर्डमध्ये

पंचगंगेच्या पुरावर भूगोलाचा प्रबंध करणारी एक मुलगी आली होती. म्हणाली, “ताई, मी रात्रभर बसून सगळं नीट केलोय, फक्त प्रिंट काढून द्या.” मी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ दाबलं. वर्डमध्ये त्यानं लपलेल्या खुणा दिसतात. एका तक्त्याच्या वर रिकाम्या परिच्छेदाच्या नऊ खुणा, दुसऱ्याच्या वर चौदा. रात्रभर तिने हेच केलं होतं. तिच्या लॅपटॉपवर सगळं जागेवर होतं. माझ्या मशीनवर तिचा फॉन्ट नव्हता, वर्डने दुसरा घातला, ओळींची उंची बदलली आणि चौदाच्या चौदा एंटर भलत्याच ठिकाणी गेले.

म्हणून पहिलं काम, ते सगळे एंटर पुसा. तक्ता नव्या पानावरच हवा असेल तर त्याच्या मथळ्यावर कर्सर ठेवा, ‘पॅराग्राफ’ उघडा, ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ या टॅबवर जा आणि ‘पेज ब्रेक बिफोर’ला टिक करा. मग मथळा कुठंही गेला तरी पानाच्या माथ्यावरच उतरेल. कंट्रोल-एंटरने घातलेला पेज ब्रेक एंटरपेक्षा बरा, पण ती खूण मजकुरातच बसलेली असते. वरचा मजकूर नेमका पानाच्या तळाशी संपला तर ती एकटीच पुढच्या पानावर जाते आणि मध्ये एक कोरं पान निघतं.

त्याच टॅबवर ‘कीप विथ नेक्स्ट’ आहे. ही टिक म्हणजे ‘पुढच्याचा हात सोडू नको’. ही एक गोष्ट नीट समजली की निम्मं काम झालं. तक्त्याच्या मथळ्याला ती लावा, मथळा तक्त्याला सोडून मागच्या पानावर राहणार नाही. अखंड तक्त्यासाठी पहिल्या ओळीपासून शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत सगळ्या ओळी निवडा आणि टिक करा. शेवटची ओळ सोडायची. तिलाही लावली तर तक्ता खालच्या परिच्छेदालाही धरून ठेवतो, आणि त्या परिच्छेदापायी तो अख्खा पुढच्या पानावर जाऊ शकतो.

पण कधी कधी शेवटच्या ओळीलाही मुद्दाम लावायची असते. त्या मुलीच्या प्रबंधात राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा तक्ता होता आणि खाली टीप होती: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. या टिपेशिवाय तक्त्यातला आकडा नुसता आकडा राहतो, पाणी धोक्याच्या वर होतं की खाली ते कळत नाही. तिथं मी शेवटच्या ओळीलाही टिक केली. आता टीप एकटी पुढच्या पानावर जाणार नाही. स्रोताची ओळ असेल तर टिपेलाही टिक करून ती स्रोताला जोडायची.

तक्ता एका पानापेक्षा मोठा असेल तर हे सगळं लावूनही वर्ड हात टेकतो आणि तक्ता तोडतो, ते बरोबरच आहे. अशा तक्त्यावर तुम्ही आधीच ‘तु’ लिहिलेलं असणार. त्यासाठी तीन-चार गोष्टी कराव्या लागतात. वरची ओळ निवडा, ‘टेबल प्रॉपर्टीज’मध्ये ‘रो’ टॅबवर जाऊन ‘रिपीट अ‍ॅज हेडर रो’ला टिक करा. रकान्यांची नावं प्रत्येक पानावर आपोआप येतील. नावं दोन ओळींत असतील, म्हणजे वर ‘पूर’ आणि त्याखाली २००५, २०१९, २०२१ असे रकाने, तर दोन्ही ओळी एकदम निवडा. निवड पहिल्या ओळीपासूनच सुरू झाली पाहिजे. टिक करूनही नावं येत नसतील तर दोनच कारणं बघा. एक, ‘टेबल’ टॅबवर मजकूर तक्त्याभोवती वळवलेला असेल. ‘टेक्स्ट रॅपिंग’ ‘नन’ करा. दोन, कुणीतरी तक्त्याच्या पोटात कंट्रोल-एंटर मारलेलं असेल, तसं केलं की एका तक्त्याचे दोन तक्ते होतात आणि खालच्याला डोकं राहत नाही.

त्याच टॅबवर ‘अलाऊ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ची टिक काढा. मग एका चौकटीतल्या मजकुराच्या दोन ओळी इथं आणि एक तिथं असं होत नाही. ज्या तक्त्यात ‘अभिप्राय’ किंवा ‘उपाययोजना’ असा रकाना असतो आणि एकेक चौकट पाव पान भरते, तिथं मात्र मी ही टिक राहू देते. नाहीतर प्रत्येक पानाच्या तळाशी हातभर पोकळी राहते आणि तक्ता आणखी दोन पानं लांबतो.

आता ‘एकूण’. लांब यादीच्या शेवटी ती एकटी पडू नये म्हणून तिच्या आधीच्या तीन ओळींना ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा. मग ती पुढच्या पानावर गेलीच तर तीन ओळींना सोबत घेऊन जाते, आणि वर रकान्यांची नावं असतात. माझ्या त्या अहवालात एवढं केलेलं असतं तर सभेत कुणाला उभं राहावं लागलं नसतं. हे करायला दहा सेकंद लागतात.

गावांच्या यादीत आणखी एक अडचण येते आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. डावीकडे तालुक्याचं नाव, पुढं त्यातली गावं. तालुक्याचं नाव दहादा लिहायला नको म्हणून लोक त्या चौकटी उभ्या जोडून एक करतात. शिरोळ एकदाच लिहितात आणि समोर नृसिंहवाडी, राजापूर, खिद्रापूर, बस्तवाड अशी रांग. पान राजापूरनंतर तुटलं की पुढच्या पानावर खिद्रापूरच्या डावीकडे रिकामी जागा. वाचणाऱ्याला वाटतं, हे वरच्याच तालुक्यातलं की नवीन? जोडलेल्या चौकटीचा मजकूर पुढच्या पानावर परत येत नाही. तालुक्यात पाच-सहाच गावं असतील तर ती सगळी ‘कीप विथ नेक्स्ट’ने एकत्र बांधा. जास्त असतील तर चौकटी जोडूच नका, प्रत्येक गावासमोर तालुका लिहा. दिसायला थोडं जड वाटतं, पण पान कुठंही तुटलं तरी माहिती पुरी राहते. प्रबंधात मी हेच करते.

आडव्या पानाकडे लोक फार लवकर धावतात. रकाने मावत नाहीत म्हटलं की पान आडवं. आधी तक्ता उलटा करून बघा. त्या मुलीने बारा तालुके बारा रकान्यांत घातले होते आणि तीन पूरवर्षं तीन ओळींत. मी तालुके खाली घेतले, वर्षं वर. उभ्या पानावर ऐसपैस बसला. पान आडवं करावंच लागलं तर तक्त्याच्या आधी आणि नंतर ‘नेक्स्ट पेज’चा सेक्शन ब्रेक घाला, नाहीतर सगळा प्रबंध आडवा होतो. बांधणीसाठी मी डावीकडे दीड इंच समास ठेवते. आडव्या पानात तक्त्याचं डोकं बांधणीच्या बाजूला यायला हवं, म्हणून तिथं वरचा समास दीड इंच करून घ्यावा. हे विसरलं की मथळा शिवणीत जातो.

प्रबंधाच्या किंवा अहवालाच्या अगदी शेवटी तक्ता असेल तर त्यानंतर एक कोरं पान निघतं, आणि ते काही केल्या जात नाही. तक्त्यानंतर वर्डला एक परिच्छेद लागतोच, तो पुसता येत नाही. त्याच्या अक्षराचा आकार १ पॉइंट करा, आधीची-नंतरची जागा शून्य करा. पान जातं.

देवनागरीची उंची

हे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार लागतो. ‘कुरुंदवाड’, ‘नृसिंहवाडी’, ‘कर्मचारी’ ही नावं एका तक्त्यात घालून बघा. तक्ता पानात बसावा म्हणून ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ करून दाबली की पहिल्यांदा कापले जातात रफार आणि उकार. पडद्यावर चटकन कळत नाही, छापल्यावर ‘कर्मचारी’चा ‘कमचारी’ होतो. उंची नेहमी ‘अ‍ॅट लीस्ट’ ठेवा. जागा कमीच असेल तर फॉन्ट बदला. मंगल फॉन्ट ओळीला भरपूर उंची घेतो, त्याच आकारात कोकिळा बराच कमी घेतो. नुसत्या या बदलाने तीन-चार ओळी बाहेर जाणारा तक्ता आत येतो. जुने अहवाल श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणले की प्रत्येक पानाचा तळ बदलतो. म्हणून आधी फॉन्ट पक्का करा, मगच तक्त्यांना हात लावा. उलट क्रमाने केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

लाटेकमध्ये

गणित आणि पदार्थविज्ञानाची मुलं लाटेकमध्ये लिहितात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७८ च्या सुमारास टेक हे पानं जुळवण्याचं सॉफ्टवेअर तयार केलं, कारण त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाची नवी छपाई त्यांना पसंत पडली नव्हती. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभं केलं. देवनागरीसाठी लाटेकचा झीलाटेक हा प्रकार वापरा. तिथं तक्रार बरोबर उलटी असते, “मॅडम, तक्ता पळतोय.” वर्डमध्ये तक्ता आहे तिथंच तुटतो, लाटेकमध्ये तो तुटत नाही, तरंगत दुसरीकडे जातो. म्हणजे ‘टेबल’ या आज्ञेत घातलेला प्रत्येक तक्ता मुळातच ‘स’ असतो.

त्याला कुठं उतरायची परवानगी आहे ते चौकटी कंसातल्या चार अक्षरांनी सांगतात: एच म्हणजे इथं, टी म्हणजे माथ्यावर, बी म्हणजे तळाशी, पी म्हणजे फक्त तक्त्यांच्या वेगळ्या पानावर. काहीच नाही लिहिलं तर टी, बी, पी धरतात. अक्षरांचा क्रम मागंपुढं केल्याने काही फरक पडत नाही. मुलं नुसतं एच लिहितात आणि अडकतात. चारही द्या. जितकी मोकळीक द्याल तितका तक्ता जवळ राहतो.

तरीही पळाला तर कारण बहुतेक मापात असतं. पानाच्या माथ्यावर तक्त्यांनी जास्तीत जास्त ७० टक्के उंची घ्यायची, तळाशी ३० टक्के, आणि पानावर किमान २० टक्के मजकूर राहिलाच पाहिजे असे मूळ नियम आहेत. संख्येलाही मर्यादा आहे: वर दोन, खाली एक, मिळून तीन. म्हणजे पाऊण पान उंचीचा तक्ता माथ्यावर बसतच नाही. त्याला पी दिलेलं नसेल तर त्याला कुठंच जागा नाही. लाटेक तक्त्यांचा क्रम मोडत नाही, त्यामुळे तो अडला की त्याच्यामागचे सगळे अडतात आणि प्रकरणाच्या किंवा प्रबंधाच्या शेवटी ढिगाने येतात. दहा तक्ते शेवटी गेलेले दिसले की दहांच्या मागे लागू नका, त्यातला पहिला शोधा. त्याला पी द्या, किंवा अक्षरांच्या आधी उद्गारचिन्ह घाला, त्याने हे नियम त्या तक्त्यापुरते सैल होतात. बाकीचे नऊ आपोआप जागेवर जातात.

तक्ता त्या उपविभागाबाहेर जाऊच नये असं असेल तर ‘प्लेसइन्स’ हे पॅकेज (लाटेकला जोडायच्या जादा आज्ञांचा संच) घ्या आणि उपविभागाच्या शेवटी ‘फ्लोटबॅरिअर’ लिहा. त्याच्या पलीकडे आधीचा तक्ता जात नाही. ‘क्लिअरपेज’ही राहिलेले तक्ते बाहेर काढतं, पण पान तिथंच संपवतं, म्हणून ते प्रकरणाच्या शेवटीच. ‘फ्लोट’ पॅकेजमधलं मोठं एच तक्त्याला खिळा ठोकतं. तो हलत नाही, पण पानात न मावल्यास तळाशी पोकळी सोडून पुढच्या पानावर जातो. लहान, चार ओळींच्या तक्त्यालाच ते वापरा.

‘तु’ खुणेच्या तक्त्याला ‘टेबल’ नकोच, ‘लाँगटेबल’ घ्या आणि ते ‘टेबल’च्या पोटात घालू नका. त्यात पहिल्या पानाचं डोकं, पुढच्या पानांचं डोकं, प्रत्येक पानाचा तळ आणि शेवटचा तळ असे चार भाग वेगळे सांगता येतात. पुढच्या पानांच्या डोक्यावर मी ‘तक्ता ४.२, मागील पानावरून पुढे’ असं लिहिते. ओळीच्या शेवटच्या दोन तिरप्या रेघांना लागून ताराचिन्ह दिलं की त्या ओळीनंतर पान तुटत नाही. ‘एकूण’च्या आधीच्या तीन ओळींना तेच लावा. रकान्यांची रुंदी वेडीवाकडी दिसली तर घाबरू नका, फाइल दोन-तीनदा चालवा, मापं जुळतात.

मोठा तक्ता ‘रिसाइझबॉक्स’ने आवळून पानात बसवायची सवय मला अजिबात पसंत नाही. त्याने अक्षरंही आवळली जातात, आणि सहा पॉइंटचं देवनागरी परीक्षकांना भिंगाशिवाय वाचता येत नाही. इथंही आधी रकाने-ओळी उलटून बघा, नाहीतर ‘पीडीएफएलस्केप’ने पान आडवं करा.

आणि दोन्हीकडे लागू होणारी एक सवय. आपल्या प्रबंधांत दर तक्त्याआधी ठरलेलं वाक्य असतं, ‘खालील तक्त्यावरून असे दिसते की’. तक्ता तर समोरच्या पानावर, वर. ‘खालील’ हा शब्द खोटा ठरतो, म्हणून मग तक्त्याला तिथं डांबून ठेवायचा आटापिटा सुरू होतो. ‘तक्ता ४.२ वरून असे दिसते की’ लिहा. क्रमांकही हाताने लिहू नका. वर्डमध्ये ‘क्रॉस-रेफरन्स’ने घाला, लाटेकमध्ये ‘लेबल’ आणि ‘रेफ’ने, आणि ‘लेबल’ मथळ्यानंतरच लिहा, आधी लिहिलं तर तक्त्याऐवजी विभागाचा क्रमांक येतो. त्या मुलीच्या प्रबंधात ‘खालील’ सत्तावीस ठिकाणी होतं. ते काढल्यावर अकरा तक्ते मोकळे झाले आणि तिची निम्मी कोरी पानं गेली.

प्रेसला वर्डची फाइल कधीच देऊ नका. पीडीएफ करा, त्यात फॉन्ट आत बसलेले आहेत का ते ‘प्रॉपर्टीज’मध्ये बघा. मग प्रिंट काढा आणि मजकूर न वाचता प्रत्येक पानाचा फक्त तळ आणि पुढच्या पानाचा माथा बघत जा. तळाशी एकटा मथळा, माथ्यावर एकटी ‘एकूण’, डोकं नसलेले आकडे हे लगेच दिसतं. नंतर कुणाचाही फोन आला, एक नाव वाढवा, एक ओळ काढा, तर ते करून परत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हेच. सत्तर पानांच्या अहवालाला मला बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ प्रेसचा माणूस दारात थांबला तरी चालतो. त्याला चहा सांगते.